कातळाचे गोत्र

सरकारी नोकराचे चरित्र लिहिणाऱ्यास साहित्याची वाण कधी पडावयाची नाही. त्याचे सेवापुस्तक उघडले की काम झाले. जन्मतारीख, उंची, अंगावरील ओळखीची खूण, वेतनवाढी, बदल्या, शिल्लक रजा, अशा क्रमाने त्याचे सारे आयुष्य कोणा ना कोणा अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्यानिशी तेथे नोंदलेले असते. आम्हीही केंद्र सरकारच्या एका कार्यालयात, चेन्नई मुक्कामी, गेली आठ वर्षे अशीच पुस्तके सांभाळीत आहोत. दुसऱ्यांची पुस्तके हाताळताना आमचे मन सहसा चळत नाही. परंतु प्रत्येक पुस्तकात एक नोंद अशी असते की, तेथे बोट क्षणभर थबकते. ती नोंद 'होम टाउन'ची. मराठीत तिला काय म्हणावे हे आम्हांस अद्याप सुचलेले नाही. 'मूळ गाव' म्हटले तर ते फार मोठे होते. 'घरचा पत्ता' म्हटले तर फार लहान.

गावी जाण्याच्या प्रवास-सवलतीसाठी ही नोंद करावी लागते, हे आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊकच आहे. नियम असा की, एकदा जाहीर केलेले गाव सहसा बदलता येत नाही. अगदीच अपवादात्मक कारण असेल तर विभागप्रमुख परवानगी देतो, आणि तीही सबंध सेवेत एकदाच. नियम करणाऱ्याने हे कलम खर्चाच्या हिशेबाने घातले असेल. परंतु ते वाचताना आम्हांस नेहमी वाटते की, त्या गृहस्थास माणसाच्या स्वभावाचीही थोडीफार पारख असली पाहिजे.

आमच्या नोंदीत सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील एका खेड्याचे नाव आहे. कोयनेच्या खोऱ्यातले हे गाव इतके लहान आहे की, त्याचे नाव येथे देण्यात हशील नाही. ज्यांची गावे तितकीच लहान आहेत, त्यांनी तेथे आपापल्या गावाचे नाव घालून घ्यावे.

आमचे चिरंजीव आता नऊ वर्षांचे आहेत. त्यांचा जन्म गावचा, बारसेही गावच्याच माजघरात झालेले. बारशाच्या वेळी आमच्या आईने वरवंट्याला कुंची घालून तो पाळण्याखालून 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करीत फिरविला होता, तो प्रसंग आमच्या डोळ्यांसमोर आहे. परंतु त्यानंतरचे त्यांचे सारे बालपण चेन्नईत गेले. घरात ते मराठी बोलतात, अंगणात तमिळ बोलतात आणि भांडतात तेही तमिळमध्येच. गेल्या हिवाळ्यात शाळेतील प्रदर्शनासाठी त्यांनी मातीचा एक ज्वालामुखी केला. त्याच्या तोंडात खाण्याचा सोडा व व्हिनेगर ओतून आमच्या सज्जाच्या भिंतीवर तांबडे डाग पाडले, आणि त्या दिवसापासून ज्वालामुखीवाचून त्यांना दुसरा विषय उरला नाही.

एके दिवशी आम्ही कार्यालयातून परत येतो तो ते दारातच उभे. "बाबा, भारतात एक जिवंत ज्वालामुखी आहे! अंदमानात! आणि तिकडची बोट आपल्या गावाहून सुटते!"

'आपल्या गावाहून' म्हणजे चेन्नईच्या बंदरातून, हे आमच्या ध्यानात यावयास थोडा वेळ लागला. ज्या रकान्यात आम्ही इतक्या निष्ठेने खेड्याचे नाव लिहिले होते, तो चिरंजिवांनी एका वाक्यात खोडून टाकला होता.

त्यांची माहिती चुकीची नव्हती. अंदमानच्या समुद्रात, पोर्ट ब्लेअरच्या (२०२४ पासून ज्याचे नाव श्रीविजयपुरम झाले आहे) ईशान्येस सुमारे १४० किलोमीटरवर बॅरन नावाचे बेट आहे. उणेपुरे तीन किलोमीटर रुंदीचे, निर्मनुष्य. १७८७ मध्ये त्याचा उद्रेक झाल्याची नोंद आहे. एकोणिसाव्या शतकात ते निजले ते दीडशेहून अधिक वर्षे निजूनच होते. १९९१ मध्ये पुन्हा जागे झाले, १९९४-९५ मध्ये धुमसले आणि २००५ पासून तर अधूनमधून राख व लाव्हा ओकतच आहे. तेथे सर्वसामान्य प्रवाशास उतरता येत नाही. बोटीतून दुरूनच धूर पाहावयाचा. चेन्नईहून अंदमानला जहाजाने जाण्यास तीनएक दिवस लागतात.

याच सुमारास कार्यालयात अंदमानचे वारे वाहत होते. गावी जाण्याच्या सवलतीच्या बदल्यात अंदमानला जाण्याची मुभा सरकारने दिलेली असल्यामुळे आमचे सहकारी एकामागून एक निळ्या समुद्राची छायाचित्रे घेऊन परतत होते. 'भारतात कोठेही' जाण्याची चार वर्षांतून एकदा मिळणारी सवलत आम्ही आधीच्याच वर्षी बदरीनाथच्या वाटेवर खर्च केली होती. तेव्हा अंदमानास जावयाचे तर गावची फेरी सोडावी लागणार, एवढाच काय तो प्रश्न होता. सुट्टी एक, सवलत एक आणि पैसेही एकाच प्रवासापुरते.

अशा वेळी दादांचे पत्र आले. आमचे थोरले बंधू अजूनही महत्त्वाच्या गोष्टी कागदावरच लिहितात. त्यांनी लिहिले होते की, घराला गिऱ्हाईक आले आहे. मे महिन्यात खरेदीखत व्हावयाचे आहे. आईचे गुडघे आता उंबरा ओलांडू देत नाहीत, तेव्हा तिला ते आपल्याबरोबर पुण्यास नेत आहेत. 'सहीसाठी तू यावेस हे बरे. जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र पाठव, म्हणजे खोळंबा होणार नाही. जात्याचे आणि पाट्या-वरवंट्याचे काय करावयाचे तेही कळव. घेणारा म्हणतो, घराबरोबर राहू द्या.'

पत्र वाचून सौभाग्यवती एवढेच म्हणाल्या, "अहो, सही काय, पोस्टानेसुद्धा जाईल."

पुढचे वाक्य त्यांनी उच्चारले नाही. ते आम्ही ऐकले, आणि न ऐकल्यासारखे केले. कारण मनातून आम्ही अंदमानकडे झुकलो होतो, हे येथे कबूल केले पाहिजे. चिरंजिवांचा हट्ट हे कारण आम्ही स्वतःला सांगत होतो. खरे कारण निराळे होते. ज्या ओसरीवर आमची धुळाक्षरे गिरवून झाली, ती दुसऱ्याच्या नावे होताना पाहण्याचे धैर्य आम्हांस नव्हते. भ्याडपणाला मुलाच्या हौसेसारखे सोज्ज्वळ निमित्त मिळाले, म्हणजे तो भ्याडपणा वाटेनासा होतो. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा आम्ही टंकलिखित करूनही ठेवला होता. असे कागद करण्यात आमचा हातखंडा आहे.

तोवर चिरंजिवांची समजूत म्हणून एका रविवारी आम्ही त्यांना घेऊन एग्मोरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयात गेलो. ज्वालामुखी नाही तर नाही, निदान त्याच्या घरचे दगड तरी पाहावेत, असा विचार. हे संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे रविवार हा आम्हां नोकरदारांस सोयीचा.

या संग्रहालयाची बहुतेकांची ओळख चोळांच्या कांस्यमूर्ती आणि अमरावतीचे शिल्पपट यांमुळे आहे. परंतु त्याचा आरंभ देवांपासून नव्हे, दगडांपासून झाला. मद्रास लिटररी सोसायटीने जमविलेले सुमारे ११०० भूशास्त्रीय नमुने हे त्याचे मूळ भांडवल. १८५१ मध्ये एडवर्ड बाल्फोर या लष्करी शल्यवैद्याच्या देखरेखीखाली कॉलेज ऑफ फोर्ट सेंट जॉर्जच्या इमारतीत ते उघडले आणि तीनच वर्षांनी पॅन्थिऑन रस्त्यावरील आजच्या जागी आले. लोकांनी यावे म्हणून बाल्फोर साहेबांनी तेथे जिवंत प्राणीही ठेवले होते. पुढे त्यांचे निराळे प्राणिसंग्रहालय झाले. मूळचा मुक्काम कॉलेजात म्हणून जुन्या मद्रासच्या लोकांनी संग्रहालयाला 'सेत्त कॉलेज', म्हणजे मेलेले कॉलेज, आणि प्राणिसंग्रहालयाला 'उयिर कॉलेज', म्हणजे जिवंत कॉलेज, अशी नावे ठेवली होती. सामान्य जनांच्या विनोदबुद्धीस कोणत्याही भाषेत तोटा नाही.

खडकांच्या दालनात त्या दिवशी आम्हां दोघांखेरीज एक पहारेकरी आणि एक पंखा, एवढेच होते. काचेच्या कपाटांत दगड मांडलेले आणि प्रत्येकासमोर नावाची चिठ्ठी. चिरंजिवांचा उत्साह पहिल्या दहा मिनिटांत मावळला. "यात आग कुठे आहे?" असे त्यांनी विचारले. मेलेल्या कॉलेजाचा अर्थ त्यांना न सांगताच कळला होता. मग विचारले, "ज्वालामुखीच्या शेजारीच त्याचं म्युझियम नसतं का?"

असते. आवारातच असलेल्या कॉनेमरा ग्रंथालयात आमची अधूनमधून फेरी असते, त्या पुण्याईवर आम्ही त्यांना सांगू लागलो. इटलीत व्हेसुव्हियसच्या उतारावर १८४५ पासून वेधशाळा आहे. तिचा एक संचालक, लुइजी पाल्मिएरी, १८७२ च्या उद्रेकात लाव्हाचे लोट आजूबाजूने वाहत असतानाही आपल्या उपकरणांपाशी बसून राहिला. त्या जुन्या इमारतीत आता संग्रहालय आहे आणि त्याची उपकरणे तेथे जपून ठेवलेली आहेत. हवाई बेटावर किलाउएया या ज्वालामुखीच्या अगदी काठावर जॅगर नावाचे संग्रहालय होते. २०१८ च्या मे महिन्यात ज्वालामुखीचे मुख खचू लागले, भूकंपांनी इमारतीला तडे गेले, ती बंद झाली आणि २०२४ मध्ये उतरवूनच टाकावी लागली.

"म्हणजे ज्वालामुखीनंच म्युझियम खाल्लं!" चिरंजीव खूश झाले.

तिसरे उदाहरण आम्ही सांगितले ते मार्तिनिक बेटावरील सेंट पिएर या शहराचे. ८ मे १९०२ या दिवशी पेले पर्वताच्या तप्त वायूने व राखेने ते शहर काही मिनिटांत नष्ट झाले. सुमारे अठ्ठावीस हजार माणसे गेली. फ्रँक पेरे नावाच्या एका अमेरिकन अभ्यासकाने १९३३ मध्ये तेथे एक लहानसे संग्रहालय उभारले. त्यात ज्वालामुखीपेक्षा माणसांचीच चिन्हे अधिक आहेत. वितळलेल्या काचा, जळालेले जिन्नस, उष्णतेने आकार गेलेली चर्चची घंटा. घरे गेली, तेव्हा घरातले जिन्नस कपाटात आले.

हे बोलता बोलता आमचेच शब्द आमच्या कानांना बोचू लागले. जात्याचे आणि पाट्या-वरवंट्याचे काय करावयाचे, या दादांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही अद्याप दिले नव्हते.

तेवढ्यात चिरंजीव एका कपाटापाशी थबकले. आत मूठभर काळा दगड होता. त्याला बारीक बारीक छिद्रे आणि एका छिद्रात पांढरी खडीसाखर भरल्यासारखे स्फटिक. चिठ्ठीवर 'बेसॉल्ट' असे लिहिलेले. चिरंजीव काचेला नाक लावून म्हणाले, "बाबा, हा तर आजीच्या पाट्याचा दगड आहे."

हे खरोखरीच तसे होते. कातळ म्हणून आपण ज्यावर चालतो, ज्यात लेणी कोरतो, ज्याचे गड बांधतो, देव घडवितो आणि ज्यावर चटणी वाटतो, तो हाच दगड. सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी आपल्या दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा वर आला. व्हेसुव्हियससारखे टोकदार शिखर नाही, गर्जना करणारे एक मुख नाही. उतू गेलेल्या दुधासारखा तो पसरला, थिजला, आणि त्यावर पुन्हा दुसरा लोट आला. असे लोटांवर लोट साचून सह्याद्रीच्या अंगाला त्यांची जाडी दोन किलोमीटरांच्या वर गेली. झिजून उरलेला भागही आज पाच लक्ष चौरस किलोमीटर भरतो. घाटातून जाताना डोंगराच्या अंगावर ज्या आडव्या पायऱ्या दिसतात, त्या या लोटांच्या. भूशास्त्रज्ञ या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतील पायरीवरून आलेला आहे. दोन लोटांच्या मध्ये जो तांबडा पट्टा दिसतो, तो बहुधा मधल्या काळात खडक कुजून झालेल्या मातीचा. थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, ती ही छिद्रे. त्यांत पुढे पाण्याबरोबर आलेली खनिजे जमली, ते हे पांढरे स्फटिक.

"म्हणजे आजीचं गाव ज्वालामुखीवर आहे?"

"ज्वालामुखीवर नाही, बाळ. ज्वालामुखीचंच आहे."

"मग आपण अंदमानला कशाला जायचं?"

मुले असा प्रश्न विचारतात आणि पुढच्या कपाटाकडे निघून जातात. उत्तर देण्याचे काम मागे राहणाऱ्याकडे येते. आम्ही त्या काळ्या दगडासमोर उभे राहिलो. चेन्नईतील आठ वर्षांत आम्ही गावाकडचे लोणचे, पापड, दिवाळी अंक, सारे मागवीत आलो. परंतु गावाकडचा दगड आम्ही प्रथमच या शहरात पाहत होतो, आणि तोही काचेआड, चिठ्ठी लावलेला. पुढील वर्षी आमच्या घराचीही हीच अवस्था आमच्या स्मरणात व्हावयाची होती. ती चिठ्ठी लिहिण्यापूर्वी एकदा हात लावून यावे, इतके तरी देणे आम्ही लागत होतो.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या लाव्हाचे काही लोट पूर्वेकडे नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत पार राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे गोदावरीच्या मुखाजवळ, पोहोचले असे शास्त्रज्ञ मानतात. हजारएक किलोमीटरांचा हा प्रवास. मराठी माणूस पूर्व किनाऱ्यावर प्रथम कोण आला याविषयी आमच्या मंडळींत वाद होतात. कोणी शहाजीराजांचे नाव घेतो, कोणी व्यंकोजीराजांचे. आमचे मत विचाराल तर पहिला मान कातळाचा. त्याला ना बदलीचा हुकूम होता, ना प्रवासभत्ता.

पुढच्या रविवारी चिरंजिवांनी आपण होऊन परंगीमलै गाठण्याची टूम काढली. परंगीमलै म्हणजे सेंट थॉमस माउंट. आमचे बिऱ्हाड तेथून फार दूर नाही. या टेकडीचा आणि पल्लावरमचा खडक काळसर निळा, किंचित तेलकट दिसणारा. त्याचे नाव चार्नोकाइट. हे नाव पडण्याची हकिगत आम्हां बदलीवाल्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जॉब चार्नोक हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर १६९० मध्ये हुगळीच्या काठी येऊन स्थिरावला आणि कलकत्त्याच्या आरंभाशी त्याचे नाव जोडले गेले. तेथेच तो वारला. त्याच्या थडग्यासाठी शिळा आणविली ती मद्रासकडची. पुढे १८९३ मध्ये भूशास्त्रज्ञ हॉलंड यांनी या जातीच्या खडकाचे वर्णन करताना त्या थडग्यावरून त्याला चार्नोकचे नाव दिले. तेव्हा दगड मद्रासचा, कबर कलकत्त्याची आणि नाव विलायतच्या माणसाचे. 'होम टाउन'च्या रकान्यात या दगडाने काय लिहावे?

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने येथील खडकाला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान दिलेला आहे, आणि त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे मानले जाते. आमचा सह्याद्रीचा कातळ त्याच्यापुढे कालचे पोर. तरी या थोरल्या दगडाला आम्ही आजवर परका समजत आलो होतो. दोन वर्षांपूर्वी तंजावरास बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास दगडावर कोरलेला पाहिला, तेव्हा ऊर भरून आला होता. १८०३ मध्ये सरफोजीराजांच्या काळी कोरविलेला तो मराठी लेख. त्या वेळी आमचे सारे लक्ष अक्षरांकडे होते. ती अक्षरे ज्याने दोनशेहून अधिक वर्षे अंगावर वागविली, त्या दक्षिणेच्या दगडाकडे आम्ही पाहिलेच नव्हते.

घरी आल्यावर शेजारच्या मामी भेटल्या. त्यांच्याकडे अजूनही 'अम्मी' आहे. अम्मी म्हणजे आपला पाटा-वरवंटाच. आमचे दगडपुराण ऐकून त्या हसल्या आणि म्हणाल्या की, आमच्या लग्नात वधूने अम्मीवर पाय ठेवल्यावाचून लग्न लागत नाही. सौभाग्यवती म्हणाल्या, "आमच्यातही ठेवतात की! अश्मारोहण म्हणतात त्याला." दगडासारखी स्थिर हो, असा त्या विधीचा आशय. ज्या घरात आल्यावर स्थिर व्हावयाचे, त्याच घराच्या बदल्यांबरोबर ती बिचारी पुढे गावोगाव फिरते, हा भाग निराळा. त्या रात्री आम्ही कुलमुखत्यारपत्राचा मसुदा फाडला. सौभाग्यवतींनी तो फाडताना पाहिला. काही बोलल्या नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी आईंसाठी नेण्याच्या वस्तूंची यादी करावयास बसल्या.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. घर आमच्या आजोबांनी बांधलेले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते पडले, आणि त्यांनी तेच दगड निवडून, तेच जोते सावरून पुन्हा उभे केले. आई ओसरीवर पाय पसरून बसली होती. सामान निघून गेल्यामुळे घर आवाज करू लागले होते. चिरंजिवांनी पोहोचल्या पोहोचल्या जोत्याच्या दगडांतील छिद्रे मोजावयास सुरुवात केली आणि परसातल्या गड्याजवळ एक पांढऱ्या स्फटिकांचा तुकडा मिळविला. आजीला त्यांनी सांगितले, "आजी, तू ज्वालामुखीवर चटणी वाटतेस."

आई म्हणाली, "वाटत होते रे. आता कुठलं."

सही झाली. पाटणच्या कचेरीत अर्धा दिवस गेला. त्यात बसावयास बाक मिळाला नाही, एवढीच आठवण. आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. आपली सही इतकी वाकडी येते हे त्या दिवशी कळले. संध्याकाळी दादा आणि आम्ही ओट्यावर बसलो होतो. दादा कधी बोलत नाहीत, त्या दिवशी म्हणाले, "तू आलास ते बरं झालं. एकट्याला जड गेलं असतं." दादांनाही काही जड जाते, ही कल्पना आम्हांस चाळीस वर्षे जवळ येईतो आलेली नव्हती. कुलमुखत्यारपत्र पाठविले असते, तर ती कधीच आली नसती.

त्यांनीच मग कोयनेच्या भूवेधनाची गोष्ट काढली. तेथील भूकंपांचा अभ्यास करण्यासाठी शासनाच्या शास्त्रज्ञांनी खोऱ्यात खोल छिद्रे घेतली. त्यांतले एक, २०१७ मध्ये पुरे झालेले, तीन किलोमीटर खोल आहे. सुमारे एक किलोमीटर, कोठे त्याहून थोडे अधिक खणल्यावर आमचा काळा कातळ संपला. त्याच्याखाली निघाला तो ग्रॅनिटच्या जातीचा खडक, कित्येक पटींनी जुना. दक्षिणेकडे जो उघड्यावर दिसतो त्या आद्य भूमीचाच भाग. म्हणजे आमच्या ओसरीच्या खाली, पुरेसे खोल गेले तर, परंगीमलैच्या भाऊबंदांचे घर होते. आम्ही ज्याला परमुलूख म्हणत आलो, तो आमच्या पायांखालीच थोरल्या भावासारखा काही न बोलता बसलेला होता.

जाते न्यावयाचे नाही, हे आम्ही दोघांनी ठरविले. पाटाही जड. नव्या मालकांची सूनबाई समजूतदार दिसली. "मी वापरीन हो," म्हणाली. वापरला जाणारा पाटा कपाटात ठेवलेल्या पाट्याहून बरा. वरवंटा मात्र आईने स्वतः लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून चिरंजिवांच्या हाती दिला. "याच्यासंगं तुझं बारसं झालंय. नीट ने." सबंध प्रवासात त्यांनी तो मांडीवर घेतला होता. मध्यरात्री एका स्थानकावर सहप्रवाशाने कुतूहलाने विचारले, तेव्हा त्यांनी झोपेतच उत्तर दिले, "लाव्हा."

आता तो आमच्या स्वयंपाकघरात आहे. रोजचे वाटण यंत्रावरच होते. परंतु सणावारी सौभाग्यवती मामींच्या अम्मीवर आमचा वरवंटा घेऊन चटणी वाटतात. मामी म्हणतात, चव बदलली. सौभाग्यवती म्हणतात, आवाज बदलला. दोन्ही दगड एकमेकांना झिजवीत आहेत. कोणता आधी झिजेल, हे सांगण्यास आम्ही भूशास्त्रज्ञ नाही.

प्रवासखर्चाचे बिल सादर करताना आमचे अधीक्षक म्हणाले, "तेथील घर विकलेत. आता होम टाउन बदलून चेन्नई घालणार काय? एकदा बदलता येते." ते तमिळ गृहस्थ, त्यांनी आपुलकीनेच विचारले होते. आम्ही क्षणभर त्या रकान्याकडे पाहिले. आई पुण्यास, घर दुसऱ्याचे. वर्गीकरणाच्या दृष्टीने ती नोंद आता पोकळ झाली होती. तथापि आम्ही म्हणालो, "असू द्या. ती एक संधी शिल्लक राहू द्या."

चिरंजिवांस पुढल्या खेपेस अंदमानास नेण्याचे आम्ही कबूल केले आहे, आणि ते वचन पाळावे लागणार. बॅरन बेटाचा धूर बोटीतून दिसला तर पाहू. परंतु परवा शाळेत त्यांना कोणी विचारले की, तुझे गाव कोणते, तेव्हा त्यांनी दोन्ही नावे सांगितली. मास्तरांनी एकच लिहावयास सांगितले. घरी येऊन त्यांनी आमचा सल्ला विचारला. असल्या अर्जांत आमचा आजवर कधी अडथळा झाला नव्हता. त्या दिवशी मात्र आम्ही त्यांना सांगितले की, रकाना लहान असेल तर अक्षर बारीक काढावे.